गावच्या खोलीचे पंचवीस रुपये बाकी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरात दर दोन-चार दिवसांनी लालबाग-परळच्या एखाद्या चाळीची बातमी असते. किती मजले होणार, किती चौरस फूट मिळणार, चावी कधी. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये वाटल्या, ती बातमी मी दोनदा वाचली. १६० फुटांतून ५०० फुटांत गेलेली माणसं. आनंदच आहे. पण या बातम्यांत खोली म्हटली की एक कुटुंब, हे धरूनच चाललेलं असतं. आमच्या लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली होती, तिच्यात कुटुंब कधीच राहिलं नाही. तिच्यात गाव राहायचं. त्या खोलीविषयी लिहायचं आहे.

मी लिफ्ट मेकॅनिक आहे. वय २७. गाव लांजा तालुक्यात. नाव लिहीत नाही, कारण सांगतो शेवटी. रत्नागिरीच्या आयटीआयतून वायरमन होऊन जून २०१७ मध्ये मुंबईला आलो. पहाटे एसटीतून उतरलो तेव्हा हातात एक बॅग, एक फणस आणि चुलत्याने लिहून दिलेला पत्ता. चाळीच्या जिन्यात एकाला विचारलं, तर तो म्हणाला, "फणस घेऊन आलास म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचाच. जा वर."

खोली दहा बाय बाराची. मी गेलो तेव्हा तिच्यात चौदा जण. आमच्या धंद्यात माणशी ६८ किलो धरतात. आठ माणसांची लिफ्ट म्हणजे ५४४ किलो, तशी पाटीच आत लावलेली असते, आणि बोजा जास्त झाला की लिफ्ट दार लावून घेत नाही, नुसती कोकलत राहते. खोलीला पाटी नव्हती. अर्थात चौदाच्या चौदा एका वेळी कधी नसायचे. कोणी बेस्टमध्ये, कोणी गोदीत, दोघे सिक्युरिटीला, एक झवेरी बाजारात, एक केईएममध्ये वॉर्डबॉय. सकाळपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागेवर आडवा. अंथरूण सुद्धा गार व्हायचं नाही. पावसाळा सोडला तर सहा-सात जण बाहेर गॅलरीतच झोपायचे.

भिंतीला खिळे होते. प्रत्येकाला एक. खिळ्यावर शर्ट-पँट, खिळ्याखाली बॅग, पेटी माळ्यावर. नव्या पोराला पहिले सहा महिने खिळा नाही. त्याचे कपडे दोरीवर, सगळ्यांच्यात. मग पहिल्या रविवारच्या बैठकीत तात्या वही उघडून नाव लिहायचे आणि म्हणायचे, "खिडकीकडनं तिसरा तुझा." माझा तिसराच होता. तात्या बेस्टच्या डेपोत होते, खोलीचे सेक्रेटरी म्हणा, खजिनदार म्हणा, जमादार म्हणा. वर्गणी महिना चारशे. दारू पिऊन आला तर रात्र जिन्यात. लग्न झालं की सहा महिन्यांत खिळा सोडायचा. आणि गावचं कोणी आजारी माणूस मुंबईला आलं, तर खिडकीखालची जागा त्याची, तिथे मग कोणाचं काही चालायचं नाही.

हे शेवटचं जरा सविस्तर सांगतो. २०१९ मध्ये वाडीतले एक काका घशाच्या आजारासाठी टाटा हॉस्पिटलला आले. महिनाभर रोज लाईट (रेडिएशन) घ्यायची होती. परळपर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटं. ज्याची पाळी रिकामी तो त्यांना नेऊन आणायचा, तसं वेळापत्रकच दारामागे चिकटवलं होतं. घसा आतून भाजल्यासारखा झालेला, बोलता येईना, गिळता येईना. म्हणून आम्ही स्टोव्हवर पेज करायचो. चौदा बाप्यांत पेज नीट जमणारा एकही नाही. काकांना पाटी-पेन्सिल दिली होती. पहिल्या दिवशी पेज प्यायल्यावर त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. आम्हाला वाटलं, पैशाचं असेल, नाहीतर घरच्यांना काही निरोप असेल. सगळे वाकून बघतोय. पाटीवर लिहिलं होतं, "मीठ कोणी घातलं? त्याला उद्यापासून घालू देऊ नका." तो मीच. काका आज गावाला आहेत, भात लावतात. गेलो की अजून हाक मारतात, "काय रे मिठ्या."

टाटा-केईएमच्या आसपास गावाकडून आलेली माणसं फुटपाथवर ताडपत्री टाकून राहतात, हे आपल्या वाचकांना माहीत आहेच. आमच्या गावचं माणूस कधी त्या फुटपाथवर झोपलं नाही. याहून जास्त त्या खोलीविषयी मला काही सांगता येत नाही.

जेवण खानावळीत. काळाचौकीच्या मावशींकडे दोन वेळचा डबा. बुधवारी अंडी, रविवारी मटण नाहीतर बांगडा, संकष्टीला साबुदाणा सांगायला लागायचा नाही. मावशींच्या सासूबाई गिरण्यांच्या काळात तीस-तीस माणसं जेवायला घालायच्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरवांनी खानावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यात त्या होत्या, असं मावशी अभिमानाने सांगायच्या. पैसे मात्र पाच तारखेच्या आत, तिथे अभिमान वगैरे काही नाही.

एप्रिल-मेमध्ये मसाला गल्लीत मिरच्या भाजायला लागल्या की आमचा मजला शिंकायचा. रातपाळीचे लोक तोंडावर ओला टॉवेल टाकून झोपायचे. तेव्हा शिव्या घालायचो. परवा दिव्याला (ठाण्यापुढचं दिवा स्टेशन, आता मी तिथे राहतो) शेजारणीने फोडणीत मिरची जाळली, तर मी दारात जाऊन उभा राहिलो. आईच्या हातच्या स्वयंपाकाने गाव आठवतं असं सगळे म्हणतात. मला मिरचीच्या ठसक्याने लालबाग आठवतं.

गणपतीत सगळी दुनिया लालबागला येते. आम्ही लालबागकर तेव्हा लालबागला नसतो! खोलीला कुलूप. चौदापैकी बारा-तेरा गावाला, गाडी गच्च, मुंबई-गोवा हायवेवर खड्ड्यांत, पण गावाला. लिफ्टवाल्यांना सगळ्यांना एकदम रजा नसते, म्हणून २०१८ मध्ये मी एकटा मागे राहिलो होतो. खाली रात्रंदिवस रांगा, ढोल, पोलिसांच्या शिट्ट्या, आणि वर चौदा खिळे आणि मी. इतकी मोकळी खोली मी कधी पाहिली नव्हती. मधोमध पाय पसरून झोपलो. झोप लागली नाही.

खोली १९५६ सालची. म्हणजे चाळ त्याहून जुनी, पण गावाने पागडी भरली ती १९५६ मध्ये. तात्यांच्या वहीच्या आधीच्या वह्या एका पत्र्याच्या डब्यात होत्या, त्यातल्या पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर नऊ नावं. आठ जणांपुढे प्रत्येकी रु. ७५. नववं नाव माझ्या पणजोबांचं. त्यांच्यापुढे रु. ५०, आणि बाजूला लाल शाईत, "बाकी २५, भात झाल्यावर." त्या वर्षी भात झालं की नाही देव जाणे. बाकी खोडलेली नाही. हे पान पहिल्यांदा सापडलं तेव्हा खोलीत माझी जी काढली, ती महिनाभर पुरली.

त्याच डब्यात १९८२ ची वही आहे. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. फेब्रुवारीपासून सहा नावांपुढे "संप, वर्गणी माफ" असं लिहिलंय. पान उलटलं तरी तेच, पुढच्या वर्षीच्या वहीत तेच. त्या सहांतले एक माझे आजोबा. बेस्टमधले आणि गोदीतले जे कमावते होते, त्यांनी त्या सहांचं भाडं आणि खानावळ भरली. आजोबा सव्वा वर्षाने गावाला परत गेले, ते पुन्हा नोकरीला आले नाहीत. पण गेले तेव्हा खानावळीची एक पै उधारी नव्हती, एवढं ते मरेपर्यंत सांगायचे.

कोरोनातही खोली होतीच. अकरा जण अडकलो होतो. मे महिन्यात पास काढून गावाला पोचलो, तर गावाने चौदा दिवस शाळेत ठेवलं. त्याचा राग नाही. शाळेतलं जेवण चांगलं होतं.

२०२४ ची दिवाळी झाल्यावर चाळ रिकामी केली. इमारत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी), जिन्याला टेकू लावलेले, मागच्या बाजूची गॅलरी आधीच बंद. रिकामी करायलाच हवी होती, त्याबद्दल तक्रार नाही. शेवटच्या दिवशी पेट्या उतरवल्या, देवाचा फोटो काढला. एकाने पक्कड आणली आणि आपला खिळा उपटून खिशात टाकला. मग सगळ्यांनी उपटले. माझा निघेना. माझ्याकडे कंपनीची हत्यारांची बॅग होती, त्यातली पहार घालून काढला, तर निम्मी भिंत हातात आली. आतून माती. आम्ही इतकी वर्षं मातीवर शर्ट टांगत होतो.

आता मुद्द्याचं.

भाडेपावतीवर नाव एकाचंच असतं. १९५६ मध्ये मालकाने नऊ नावं लिहायला नकार दिला, म्हणून त्यातल्या थोड्या शिकलेल्या एका गृहस्थांचं नाव लागलं. पुढे त्यांच्या मुलाचं. आता नातवाचं. नातू उपनगरात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतात, सज्जन आहेत, खोलीत कधी राहिलेले नाहीत. पुनर्विकासाच्या करारावर सही त्यांची, नवीन इमारत होईपर्यंतचं बिल्डरचं भाडं त्यांच्या खात्यात, महिना बावीस हजार. त्यांनी ते स्वतः खाल्लेलं नाही हे आधी सांगतो. दर महिन्याला आमच्या गावच्या मुंबईतल्या मंडळाकडे जमा करतात. आणि मंडळाने ठरवलंय की ते पैसे गावच्या देवळाच्या सभामंडपाला द्यायचे. नवीन इमारत झाली की किमान ३०० फुटांचा फ्लॅट मिळेल, तोही विकायचा. थोडे देवळाला, बाकी नऊ घराण्यांत वाटून. हिशोब झालेला आहे. माझ्या घराचा वाटा पण काढून ठेवलाय, पंचवीस रुपये बाकी असूनसुद्धा.

मंडळात जे बसतात ते सगळे खोलीतूनच गेलेले. विरार, बदलापूर, कल्याणला घरं झाली, पोरं इंजिनियर झाली. त्यांच्या दृष्टीने खोलीचं काम संपलं. एक काका मला म्हणाले, "आता कोण येतंय रे गावाहून? आणि आलं तर पेइंग गेस्ट राहील." काकांनी पेइंग गेस्टचा रेट बहुतेक विचारलेला नाही. गेल्या जूनमध्ये आमच्या वाडीतून तिघे आले. एक हॉटेलच्या किचनमध्येच झोपतो. एक माझ्याकडे आहे. तिसरा दोन महिने राहून परत गेला.

मी सध्या दिव्याला राहतो. चौघांत एक वन आरके, भाडं साडेसात हजार. सकाळी दिव्याहून करी रोड. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकलच्या दारांतली माणसं पडली. त्या दिवशी मी सुट्टीवर होतो, पण आईला कसं कळणार? अकरा मिस कॉल होते. तेव्हापासून ती रोज सव्वानऊला फोन करते, आणि मी कुठल्या तरी शाफ्टमध्ये लोंबकळत "पोचलो गं" म्हणतो. लिफ्टच्या डोक्यावर उभं राहून बोलतोय हे तिला सांगितलेलं नाही. तिच्या हिशोबाने लिफ्टवाला म्हणजे स्टुलावर बसून बटण दाबणारा. तेच बरं आहे.

आठवड्यातून दोन रात्री मला ब्रेकडाउन ड्युटी असते. आमच्या भागातल्या तीसेक इमारती. माणूस अडकला असा कॉल आला की जितक्या लवकर पोचू तितकं बरं. खोली होती तेव्हा मी दहा मिनिटांत पोचायचो, लुंगीवर शर्ट घालून. आता शेवटची लोकल गेली की दिव्याला जायचं कसं आणि यायचं कसं? म्हणून ड्युटीच्या रात्री एका टॉवरच्या मशीन रूममध्ये पुठ्ठा टाकून झोपतो. वॉचमन ओळखीचा आहे. रात्रभर कोणी ना कोणी वर-खाली जात असतं, मशीनचा ब्रेक सुटतो-लागतो, टक्, टक्. चौदा जणांच्या घोरण्यात झोपलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही.

मागे एका रात्री साडेबाराला पुनर्वसनाच्या एका इमारतीत आजी अडकल्या. सातवा आणि आठवा यांच्या मधे. वॉचमन बाहेरून ओरडतोय, "आजी, घाबरू नका." मी वर मशीन रूममध्ये जाऊन मेन बंद केला, मग आठव्यावर येऊन तिकोनी चावीने बाहेरचं दार थोडं उघडलं आणि हाक मारली. आतून आवाज, "कुठल्या गावचा रे तू?" म्हटलं, लांज्याकडचा. "मग सावकाश कर, मी खाली बसलेय. गुडघे दुखतात." परत वर जाऊन ब्रेक सोडून चाक हाताने फिरवत केबिन आठव्याला लावली. बाहेर आल्या, आधी पदर सारखा केला, मग म्हणाल्या, चहा पिऊन जा. त्यांच्या जुन्या चाळीतही गावच्या दोन खोल्या होत्या, आजऱ्याकडची एक आणि चंदगडची एक. मी विचारलं, त्या पोरांचं काय झालं? आजी म्हणाल्या, "पोरांना कोण विचारतं? ती काय भाडेकरू होती?" मग विचारलं, राहतोस कुठे. दिवा म्हटल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. "माझ्यासाठी एवढ्या लांबून आलास?" बाजूच्या टॉवरच्या मशीन रूममधून आलो हे सांगायचं जिवावर आलं. हो म्हणालो.

संपादक साहेब, मला सभामंडप नको असं नाही. शिमग्याला पालखी आली की मी पण नाचवतो, आणि मागच्या पावसात देवळाचं छप्पर गळत होतं हे खरं आहे. छप्पर करा, त्याला मी वेगळी वर्गणी देतो. माझं म्हणणं एवढंच की खोलीचे पैसे खोलीला राहू द्या. बावीस हजारांत लालबागला नसली तरी शिवडी-कॉटन ग्रीनकडे एखादी जुनी खोली मिळेल. सहा-सात पोरं आणि एक आजारी माणूस मावेल. मीच चार-पाच ठिकाणी फिरलो. पहिला प्रश्न, फॅमिली आहे का? बॅचलर म्हटलं की चावी परत खिशात. पण मंडळाच्या लेटरहेडवर दोन वयस्कर माणसं पुढे झाली तर मालक ऐकतात, आणि ती वयस्कर माणसं मंडळातच आहेत.

नवीन फ्लॅटचं मला अजून सुचलेलं नाही, खोटं कशाला बोलू. टॉवरच्या तेराव्या मजल्यावर गॅलरीत सहा वळकट्या सोसायटी एक रात्र ठेवून घेणार नाही, आणि घेऊ पण नये. आगीच्या वेळी त्या वाटेने लोक उतरतात, मी रोज बघतो. मेंटेनन्सच महिना सहा-सात हजार येईल. मग तो फ्लॅट भाड्याने द्यावा आणि त्या भाड्यातून दुसरीकडे पोरांची सोय करावी, की आणखी काही? पण विकायच्या आधी तो एका माणसाच्या नावावरून मंडळाच्या नोंदणीकृत ट्रस्टच्या नावावर करता येतो का, हे एखाद्या वकिलाला विचारायला काय हरकत आहे? मी बैठकीत विचारलं तर उत्तर आलं, "तू लिफ्ट बघ."

म्हणून हे पत्र. लालबाग, परळ, गिरगाव, माझगाव, वरळीला अशा खोल्या एक-दोन नव्हत्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या होत्या, आजरा-चंदगड-गडहिंग्लजच्या होत्या, जुन्नर-आंबेगावच्या होत्या. काहींच्या चाळी पाडून टॉवर होऊन दहा-पंधरा वर्षं झाली. त्या गावांनी काय केलं? ज्यांनी खोली टिकवली, त्यांनी कागदावर ती कशी बसवली? आपल्या वाचकांपैकी कोणी त्या वह्या सांभाळणारे असतील तर त्यांनी आपल्या पेपरातूनच लिहावं. आमची सभा पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आहे. तोवर दोन-तीन पत्रं जरी छापून आली, तरी मी कात्रणं घेऊन जाईन. मंडळात लिफ्टवाल्यापेक्षा पेपराचं जास्त ऐकतात.

पत्र लांबलं आहे. कुठेही कापा, फक्त काकांच्या मिठाचं राहू द्या, ते वाचतील. माझं नाव छापू नये ही विनंती. पावतीवाले गृहस्थ आणि मंडळातले चौघे आपलाच पेपर घेतात. वाडीतल्यांना तसंही कळेलच की कोणी लिहिलंय.

सभेला जाताना पंचवीस रुपये सुटे घेऊन जाणार आहे. पणजोबांची बाकी भरून रीतसर पावती फाडून घ्यायची आहे, तात्यांच्या हातची. ते आता बदलापूरला असतात, त्यांना घेऊन यायला मी सकाळीच निघेन. वहीचा डबा त्यांच्याच पलंगाखाली आहे.

आपला,
एक लिफ्ट मेकॅनिक
(पूर्वी लालबाग, सध्या दिवा)